शिटी वाजली तरी उठायचं नाही

हजराखालाने सुई पुठ्ठ्यातून आरपार काढली, दोरा दाताने तोडला आणि सहावी टोपी ओट्यावर आपटली.

"झाल्या एकदाच्या," ती बोलली. फोन मिठाच्या बरणीला टेकवून स्पीकरवर ठेवलेला. पलीकडे तिचा धाकटा भाऊ, इरशादमामू.

"आपा, टोपीवर नंबर कशाला? गाड्या हायत काय त्या?"

"पोरांचे नंबर हायत."

"पोरांना नंबर? जेलात घेऊन चाललीस?"

"लढाईला. उद्या तीन वाजता बस खाली पायजे. तीन म्हणजे तीन. तुझ्या लेबर कॅम्पचा टाइम इथे चालायचा नाय."

"लढाईला जाताना डायवर म्हणून मी एकटाच भेटलो तुला?"

"फुकटात दुसरा कोण येतो, मेल्या," खाला बोलली आणि फोन ठेवला.

हे दोह्याला लागून असलेल्या लुसैलच्या एका टॉवरमधलं किचन. बाविसावा मजला. घर हंगेरीच्या एका इंजिनियरचं. खाला सहा वर्षं तिथे काम करत होती. कोकणातल्या दिघीची पोर, सहावीत शाळा सुटली, लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग दोहा. एवढीच तिची कागदावरची गोष्ट. कागदावर माणूस मावत नाही ते सोडा.

ती आली तेव्हा त्या घरातली झोफी एक वर्षाची होती. मॅडमने पहिल्याच दिवशी सांगितलं, या पोरीशी घरात फक्त हंगेरियन बोलायचं. इंग्लिश ती शाळेत शिकेलच. आता खालाला तर तेव्हा धड इंग्लिश पण येत नव्हतं. मराठी आणि मोडकी हिंदी, खलास. मग झाली गंमत. पोरगी एक शब्द शिकली की खाला एक शब्द शिकली. दोघींचा पहिला शब्द 'नेम'. म्हणजे नाही. नंतर 'अजून दे'. नंतर 'शू आली'. झोफी पूर्ण वाक्य बोलायला लागली तेव्हा खाला पण बोलायला लागली. झोफी सात वर्षांची झाली आणि खालाची हंगेरियन पण बरोब्बर सात वर्षांच्या पोरीएवढी झाली. वर एक दिवस नाही.

आता स्काउटचं सांगतो. ही हंगेरीची माणसं पोटासाठी देश सोडून जिकडे जातात तिकडे पोरांसाठी स्काउट काढतात. अमेरिकेत आहे, ऑस्ट्रेलियात आहे, दोह्यात पण इल्दिको नावाच्या बाईने काढलं. पोरं सगळी इंग्लिश शाळेतली, घरी आईने हंगेरियनमध्ये विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. आपल्याकडच्या पोरांसारखीच. म्हणून तिथला एकच नियम कडक. दारातून आत पाय टाकला की फक्त हंगेरियन. गाठ मारताना, भांडताना, रडताना, सगळं.

दर शुक्रवारी खाला झोफीला सोडायला जायची आणि बाहेर पायरीवर बसायची. दोन वर्षं बसली. छोट्या पोरांची एक ताई होती, तिच्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि ती निघून गेली. दोह्यात हे असंच. आज शेजारी, उद्या सामान बॉक्समध्ये. आत सहा छोटी पोरं आणि मोठी अकरा, आणि बघायला एकटी इल्दिको. दोन-तीन शुक्रवार तिने ओढले. मग एक दिवस दार उघडून पायरीकडे बघितलं.

"हजरा, तुला गाठ येते का?"

खालाचा बाप जाळी विणायचा, होडीवर होता. तिला गाठ येते का म्हणे! ती आत गेली ती गेलीच. चार महिने छोट्या सहा जणांना तिने सांभाळलं. कुठल्या आईबापाने कुरकुर केली नाही. पोरं तर तिच्या अंगावर चढून बसायची.

पण रीतसर मान्यता नव्हती. वरून, म्हणजे बाहेरच्या देशांतल्या सगळ्या ग्रुपांचं बघणाऱ्या लोकांकडून, एक म्हातारा साहेब येणार होता. तमाश बाची. बाची म्हणजे काका, सगळी पोरं असंच म्हणतात. तो कॅम्पला येणार, छोट्यांचा ग्रुप बघणार आणि ठरवणार. मोठी माणसं दोन नसतील तर छोट्यांचा ग्रुप बंद. आणि ग्रुप बंद तर त्यांची शपथ पण रद्द. झोफीच्या बापाचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपणार होतं. म्हणजे झोफीला दोह्यात गळ्यात रुमाल बांधून शपथ घ्यायची तर हाच एक कॅम्प. खालाने पोरीला शब्द दिलेला होता. माझी खाला शब्द देत नाही. दिला की मग घर पेटलं तरी पाळते.

शुक्रवारी इरशादमामू तीनला पाच कमी असताना खाली हजर. आठवडाभर ज्या बसमधून तो इंडस्ट्रियल एरियातून कामगार नेतो, तीच बस. सीटांवर सिमेंटचा वास. पोरं खुश, गाणी म्हणत निघाली. अल खोरच्या पुढे समुद्राकाठी तंबू लागले. जमिनीवर जाळ करायचा नाही म्हणून पाय लावलेल्या लोखंडी परातीत लाकडं पेटवली आणि वर साखळीला हंडा टांगला. मटणाच्या रश्श्याची चुलत बहीण म्हणावी असा त्यांचा रस्सा. रंग लालभडक, तिखट मात्र काही नाही. मामूने चाखून बघितला आणि गुपचूप खिशातून हिरवी मिरची काढली.

आणि तिथेच खालाने पहिला घोळ घातला.

तमाश बाची अडुसष्ट वर्षांचा. उंच, पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत मोजे, चालताना कडक. सगळे त्याच्यापुढे जपून. तो वाडगा घेऊन रांगेत आला. खालाच्या हातात डाव. आणि तिच्या तोंडातून निघालं ते सहा वर्षं दिवसातून तीनदा निघतं तेच.

"हात धुतलेस का? दाखव बघू. नाहीतर काही मिळणार नाही."

इल्दिकोने डोळे मिटले. खालाला आपण काय बोललो ते दोन सेकंदांनी कळलं. पण करणार काय? तिची हंगेरियन सात वर्षांच्या पोरीबरोबर वाढलेली. साहेबाशी बोलायची हंगेरियन तिला कुणी शिकवलीच नव्हती.

म्हाताऱ्याने वाडगा खाली ठेवला. दोन्ही हात पुढे केले. पालथे केले. परत सुलटे केले.

"डाव्या अंगठ्याला राख आहे," झोफी मागून बोलली.

म्हातारा गेला, हात धुऊन आला आणि परत रांगेच्या शेवटी उभा राहिला. पोरं फुटली हसायला. खाला नाही हसली. तिला वाटलं, गेलं सगळं.

जेवणं झाल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला. चांगलाच बोलला, उगाच चढ्या आवाजात नाही.

"पोरं तुझं ऐकतात. गाठी तर माझ्यापेक्षा चांगल्या मारतेस. पण हजरा, हा ग्रुप गाठींसाठी नाही. ही भाषा टिकावी म्हणून आहे. जी तुझी नाहीच, ती टिकवायला तू पोरांना कशी सांगणार?"

खाला हंडा घासत होती. हात थांबला.

"मी सकाळी सहाला उठते," ती बोलली. "रात्री नऊला काम संपतं. तोपर्यंत माझ्या भाषेत एक शब्द बोलायला माणूस नाही. शुक्रवारी हा माझा भाऊ भेटतो, तेव्हा मी नुसती बडबडते. भाषा नसली की काय होतं ते या पोरांना माहीत नाही. तुला पण नाही. मला माहीत आहे."

एवढं सगळं सात वर्षांच्या पोरीच्या शब्दांत. तसंच सरळ.

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "उद्या बघू," बोलला आणि उठून गेला.

"काय बोल्ला गो?" मामूने लांबून विचारलं.

"उद्या बघू बोल्ला."

"म्हणजे नाय. साहेब लोक नाय बोलायचं असलं की उद्या बोलतात."

"गप ऱ्हा आणि मिरची दे इकडं."

सकाळी लढाई होती. त्या टोप्यांची. खेळ असा. दोन पार्ट्या, दोन झेंडे. प्रत्येकाच्या टोपीवर, कपाळावर, चार आकडी नंबर. शत्रूने तुझा नंबर बघून मोठ्याने वाचला की तू मेलास. लगेच उठून उभं राहायचं, टोपी काढायची, बाहेर. कुणी बघितलं नाही म्हणून पडून राहायचं, हे चालत नाही. नंबर वाचला की उठायचं म्हणजे उठायचंच. म्हणून सगळी लढाई वाळूत तोंड खुपसून, झुडपामागे कपाळ लपवून. सरपटत जायचं आणि समोरच्याचा झेंडा आणायचा.

मागच्या वर्षी मोठ्यांनी छोट्यांना फसवलं होतं. मध्येच शिटी मारली, "संपला खेळ, या" म्हणून हाका मारल्या. छोटी बिचारी उठली आणि सगळीच्या सगळी मेली. झोफी घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती. ते खालाच्या डोक्यात बसलेलं. तिने सकाळी सहा जणांना गोल बसवलं.

"शिटी वाजली तरी उठायचं नाही. नावाने हाक मारली तरी उठायचं नाही. इल्दिकोने मारली तरी नाही. मी मारली तरी नाही! नंबर वाचला तरच. कळलं?"

"कळलं!"

पोरं गेली. उजाडून अर्धा तास झाला असेल. समुद्राकडून थोडं पांढरं दिसत होतं. जानेवारीत कतारमध्ये सकाळी धुकं पडतं, सगळ्यांना माहीत आहे. पण हे पडलं नाही, चालून आलं. पाच मिनिटांत तंबू गेले, मग बस गेली, मग हातातला कप दिसेना.

तमाश बाचीने लांब तीन शिट्ट्या मारल्या. खेळ बंद. मोठी पोरं शहाणी, आवाजाच्या अंदाजाने एक एक करून आली. अकराच्या अकरा. छोट्यांपैकी एक पण नाही.

परत शिटी. इल्दिको नावं घेऊन ओरडायला लागली. आधी जोरात, मग आवाज फाटेपर्यंत. मामूने बसचा हॉर्न दाबून धरला. काही नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ती वरून सुकलेली आणि आतून भसभशीत जमीन, जिथे गाडी रुतते. आणि सहा पोरं मध्ये कुठेतरी.

"ऐकू जात नसेल का?" म्हातारा बोलला. त्याचा चेहरा राखेसारखा झालेला.

खाला उभी होती. ऐकू जातंय, तिला कळलं. सगळं ऐकू जातंय. ती माझंच ऐकतायत.

आता दुसरी कुणी असती तर रडत बसली असती, माझी चूक, माझी चूक करत. खालाने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि धुक्यात घुसली.

"हारोम, न्योल्त्स, एज, हॉत!"

तीन, आठ, एक, सहा. बाविसाव्या मजल्यावरच्या किचनमध्ये स्वतः कापलेले, स्वतः शिवलेले नंबर. एकेक आकडा सुटा, मासळीच्या लिलावात ओरडतात तसा, पोटातून.

"काय करतेय ती?" म्हाताऱ्याने इल्दिकोला विचारलं.

वीस पावलांवरून एक बारीक, चिडका आवाज आला. "कुणी वाचला माझा नंबर? समोर तर कुणीच नाहीये!"

आणि धुक्यात एक पोरगा उभा राहिला. हातात टोपी.

"इकडे ये, माझ्या आवाजाकडे," खाला बोलली. त्याला मागे ढकललं, मामूच्या हॉर्नच्या दिशेने. आणि पुढचा नंबर. दुसरी पोरगी झुडपाखालून निघाली. तिसरा तर तिच्या पायाजवळच वाळूत पडलेला, ती त्याच्यावरून अडखळली. "हे चीटिंग आहे, तू आमच्या बाजूची आहेस," तो बोलला. चौथा. पाचवी. दर वेळी तेच. आधी शांत, मग कुरकुर, मग उभं राहिलेलं एक पोर, टोपी हातात.

कुणीच बघत नव्हतं हो. धुक्यात पडून राहिलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण एक पण पडून राहिलं नाही.

राहिली झोफी.

"हेत, नेज, एज, ओत!"

नाही.

खाला समुद्राच्या बाजूने गेली. पाण्याचा आवाज आला, परत फिरली. "हेत, नेज, एज, ओत!" आवाज चिरकायला लागला. मागून म्हातारा येत होता, मोजे चिखलाने भरलेले. तो पण ओरडायला लागला. सात, चार, एक, पाच. मग इल्दिको. मग सगळी मोठी पोरं. मग मामू. मामूला हंगेरियनमधलं ओ की ठो येत नाही, पण ऐकून ऐकून तो पण सुरू झाला, हेत नेज करत. सगळा किनारा एकच नंबर ओरडत होता.

खाला थांबली. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. श्वास घेतला. आणि एकदाच, हळू, घरात झोपताना गोष्ट सांगते त्या आवाजात बोलली.

"हेत. नेज. एज. ओत."

सगळ्यांनी जिकडे शोधलं त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, मोठ्या पोरांच्या हद्दीत, वाळूच्या उंचवट्यावर धुकं जरा विरळ होतं, तिथे एक आकृती उभी राहिली. टोपी हातात. गाल फुगलेले.

खाला धावली. पडली. उठली, परत धावली. पोरीला उचलून छातीशी धरलं. झोफीने गळ्यात हात टाकले नाहीत. ओठ घट्ट मिटून ठेवलेले. घाबरली आहे बिचारी, सगळ्यांनी म्हटलं.

धुकं नऊच्या सुमाराला उठलं. मोठ्यांचा कॅप्टन तोपर्यंत नाचायला लागला होता. "आम्ही जिंकलो! त्यांचे सगळे मेले!"

"कुणी मारले?" म्हाताऱ्याने विचारलं.

पोराने मग बोटाने खालाकडे दाखवलं. एकाच बाईने आपली सगळी पार्टी स्वतःच मारून टाकली, असं त्या खेळात कधी झालं नव्हतं. मोठे हसायला लागले. खालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आपा," मामू हळूच बोलला, "तू लढाई हरलीस तर हरलीस, दुसऱ्याला संधीच दिली नाय."

तमाश बाचीने छोट्यांना ओळीत उभं केलं. वाळूने भरलेली, नाकं वाहणारी सहा पोरं. तो त्यांच्यापुढून एकदा गेला, परत एकदा आला.

"कुणी बघत नव्हतं," तो बोलला. "तरी उठलात?"

"नंबर वाचला ना," मगाचा तो चिडका पोरगा बोलला. त्याला प्रश्नच कळला नाही.

म्हातारा इल्दिकोकडे वळला. "रुमाल आण. शपथ आत्ताच."

झेंड्याची काठी रोवायला वाळू फार सैल होती. कुणीतरी धरायला पाहिजे होती. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि सरळ खालाच्या हातात दिली.

"तू धर. आणि तू म्हण, ती तुझ्या मागून म्हणतील."

"मी?"

"शिकवली कुणी त्यांना?"

खाला अनवाणी होती, ओढणी कमरेला, पायाचा अंगठा फुटून रक्त आलेलं. पाठ होतीच, चार महिने सहा जणांकडून दर शुक्रवारी घोकून घेतलेली. ती एक ओळ म्हणायची, पोरं मागून म्हणायची. मध्ये एकदा तिचा आवाज गेला. तेव्हा पोरं थांबली नाहीत, पुढची ओळ त्यांनी स्वतःच म्हटली आणि तिला ओढत नेली. मग एकेकाच्या गळ्यात रुमाल. गाठ खालाची. सहा झाल्यावर म्हाताऱ्याच्या हातात एक रुमाल उरला होता.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आधी दोन्ही हात पुढे केले, पालथे केले, सुलटे केले.

"धुतलेत," बोलला.

तिने नीट बघितले. मग मान खाली केली. सगळा कॅम्प ओरडायला लागला. इरशादमामू बसमध्ये धावला आणि हॉर्न असा दाबला की समुद्रावरचे पक्षी उडाले. नंतर तो अल मन्सूराच्या हॉटेलात भेटेल त्याला सांगत सुटला की आमची आपा हंगेरीच्या मिलिटरीत लागली.

ग्रुप बंद झाला नाही. खालाच्या नावाचा कागद एप्रिलमध्ये आला. आता छोटी नऊ आहेत आणि खाला पायरीवर बसत नाही, पायरीवर दुसऱ्या घरांतल्या बाया बसतात आणि ती त्यांना आत चहाला बोलावते. खेळाचा नियम पण बदलला. धुकं आलं की हजरा नंबर वाचणार आणि त्या वेळी मेलेला मेलेला धरायचा नाही.

जूनमध्ये झोफीच्या घरचे परत गेले आणि खाला दोह्यातच दुसऱ्या घरी लागली. एअरपोर्टवर दोघी रडल्या, ते मी सांगत बसत नाही. पोरगी आता बुडापेस्टला असते आणि दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करते. मागच्या महिन्यात मी खालाच्या शेजारी बसलेलो असताना तिचा फोन आला. खाला मला त्या धुक्याचं सांगत होती, किती घाबरली होती माझी बाय म्हणून. झोफीने तिकडून विचारलं, काय चाललंय. खालाने सांगितलं. पोरगी एकदम उसळली आणि फडाफडा काहीतरी बोलली. खालाचं तोंड उघडं ते उघडंच.

"काय म्हणते?" मी विचारलं.

झोफी हरवलीच नव्हती. तिने खालाची पहिली हाक पण ऐकली होती, आणि त्या उंचवट्यावर ती शत्रूच्या झेंड्यापासून दहा पावलांवर होती.